आदर्श कोणाचा धरावा

चि. सुनंदा,

परिचर्येच्या शिक्षणक्रमास प्रवेश मिळाल्याचे तुझे पत्र पावले, आनंद झाला. या मार्गात कोणाचा आदर्श समोर ठेवावा, असे तू विचारतेस आणि लगेच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या हातातील दिव्याचा उल्लेख करतेस. चित्रकारांनी व कवींनी तो दिवा इतका उजळला आहे की त्या बाईंचे खरे कर्तृत्व त्याच्या झगमगाटात दिसेनासे झाले, असे आयुष्यभर कचेरीची दफ्तरे चाळलेल्या माझ्यासारख्यास वाटते. क्रिमियन युद्धात, १८५४ च्या नोव्हेंबरात, ३८ परिचारिकांसह त्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या खऱ्या. परंतु तेथे शत्रूच्या गोळ्यांपेक्षा घाण आणि रोगराईच अधिक सैनिक मारीत होती, हे युद्ध संपल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने मृत्यूंचे आकडे ताडून पाहिले तेव्हाच त्यांना पुरते उमगले, आणि फेब्रुवारी १८५५ मधील शेकडा ४२ चे मृत्युप्रमाण गटारे साफ झाल्यावर जूनपर्यंत शेकडा २ वर आले, हा हिशेब त्यांनी सरकारदरबारी मांडला. त्यांच्यापासून हे हिशेबीपण घे. तक्त्यावर नाडी, ताप, लघवीचे माप वेळच्या वेळी लिही. अंदाजपंचे आकडा कधी भरू नकोस.

सावित्रीबाई फुले यांचे नाव मी सांगावयास नको. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याचे एक आजारी पोर पाठीवर घेऊन त्या आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात आल्या आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी गेल्या. त्यांच्यापुढे मस्तक नमवावे. मात्र आज हातमोजे व मुखपट्टी हाताशी असताना ती न वापरणे यास मी शौर्य म्हणणार नाही.

पण माझे मत विचारशील तर परळच्या केईएम रुग्णालयातील, ज्यांची नावे फारशी कोणास ठाऊक नाहीत, अशा परिचारिकांकडे पाहा. त्यांच्यातलीच एक, अरुणा शानबाग, २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच झालेल्या पाशवी हल्ल्यात मेंदूस इजा होऊन कायमची अंथरुणास खिळली. आणि १८ मे २०१५ रोजी तिचा अंत होईपर्यंत, जिला धडधाकट असताना त्यांच्यापैकी बहुतेकींनी पाहिलेही नव्हते अशा त्या सहकारिणीची शुश्रूषा, परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी केली. मध्यंतरी तिला तेथून हलवून खाट मोकळी करून घेण्याचे महापालिकेने योजले, तेव्हा त्यांनी निषेध करून तो बेत हाणून पाडला. तिच्यासाठी केलेल्या दयामरणाच्या अर्जावर ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा मुक्तकंठाने गौरव केला तो अकारण नव्हे: इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या अंगास शय्याव्रण होऊ दिला नव्हता.

याची किंमत तुला पहिल्याच पाळीत कळेल. दर दोन तासांनी कूस बदलावयाची, चादरीस एक सुरकुती राहू द्यावयाची नाही, ओले वस्त्र तत्काळ काढून कातडी टिपून कोरडी करावयाची, माकडहाड, टाचा, खांद्यांची पाती निरखून पाहावयाची आणि कोठे लाली दिसलीच तर ती जागा चोळावयाची नाही. हे सारे रात्री तीन वाजता, वॉर्ड भरलेला आणि हाताशी माणसे अपुरी असताना, कोणी पाहत नसले तरी.

अशी एखादी सिस्टर तुझ्या रुग्णालयातही असणारच. बहुधा ती रागीट असेल, नवशिक्या मुलींना तिचा धाक असेल आणि सत्कारसमारंभात ती मागच्या रांगेत बसत असेल. तिची पाळी कोणती ते विचारून घे, तिच्याच वॉर्डात नेमणूक मिळावी म्हणून खटपट कर, आणि ती रागावली तरी मागे हटू नकोस.

तुझ्या अधिवासाच्या दाखल्याचा अर्ज तहसील कचेरीत दाखल केला आहे. तलाठ्याचा रहिवासाचा दाखला जोडला. तुझ्या शाळेच्या दाखल्याची साक्षांकित नक्कल मात्र अजून हवी, ती परत टपाली पाठव. ताईस नमस्कार सांग.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा
मामा