खाडा आणि अनुकंपा

संस्कृतात चाकराला ‘भृत्य’ म्हणतात. शब्द ‘भृ’ धातूचा. भरण करणे, पोसणे, वाहणे हा त्याचा अर्थ. ज्याचे भरण करावयाचे तो भृत्य, आणि जो भरण करतो तो ‘भर्ता’, म्हणजे धनी. व्याकरणाप्रमाणे पाहिले तर ओझे धन्याच्या डोक्यावर आहे. व्यवहारात ते कोणाच्या डोक्यावर दिसते, हे वाचकांस सांगायला नको. पाठशाळेत हे रूप आम्ही शंभर वेळा घोकले असेल. त्याचा अर्थ मात्र गावोगाव कीर्तनाला हिंडू लागल्यावर उमगला.

दुसरा शब्द ‘अनुकंपा’. अनु म्हणजे मागोमाग, कंप म्हणजे थरथर. दुसऱ्याचे अंग कापले की मागोमाग आपलेही कापावे, ती अनुकंपा. दया माडीवरून खाली टाकता येते. अनुकंपेसाठी जिना उतरून शेजारी उभे राहावे लागते. ज्याच्या हाताखाली चार माणसे राबतात, मग तो कारखान्याचा साहेब असो, दूधसंघाचा चेअरमन असो की ऊसतोडीचा मुकादम असो, त्याच्या ठिकाणी ती आहे की नाही हे कसे ओळखावे? आमच्या मते एकच जागा पाहावी. माणूस कामावर आला नाही, त्या दिवशी धनी काय विचारतो? “किती कापायचे?” असे, की “का बरं आला नाही?” असे?

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. भोंग्याच्या तालावर कामाला येण्याची सवय तेव्हा कोणाला होती? सण आला, पेरणी आली, सोयरीक निघाली, की माणूस गावी. यंत्रे अडून राहत. दंड लावणे सोपे होते, आणि त्या काळच्या गिरण्यांत दंडाचा सुकाळच होता. जमशेटजींनी व त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी दुसरी वाट धरली. चांगले काम करणाऱ्यांस समारंभाने बक्षिसे देऊ लागले. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी काढला. पुढे १८९५ साली अपघातात जायबंदी होणाऱ्यांच्या भरपाईची तजवीज केली. नागपूरचा उन्हाळा म्हणजे भट्टी; तेथे गिरणीत हवा खेळती व दमट ठेवणारी यंत्रे बसविली. दमट हवेत सूतही कमी तुटते, तेव्हा यात मालकाचा लाभ नव्हता असे नाही. असेना का! मजुराच्या सुखात ज्याला आपला लाभ दिसतो, त्याची दृष्टी शाबूत आहे म्हणायची.

पण म्हणून त्या गिरणीचे देव्हारे माजवायला नकोत. त्याच १८७७ सालात मजुरीच्या दरावरून तेथील विणकरांनी संप केला होता. धनी भला असला तरी त्याला सगळेच दिसते असे नाही. मजुराने तोंड उघडावे लागते आणि धन्याने कान.

मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी हेच केले. ते स्वतः गिरणीत भांडारपाल होते. कामगारांचे हाल त्यांनी वाचलेले नव्हते, पाहिलेले होते. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या व सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. मागणे तरी केवढे? आठवड्यातून रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, मागल्या महिन्याचा पगार १५ तारखेच्या आत, आणि जखमी माणसाला बरा होईपर्यंत मजुरी. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. आता यातली खुबी पाहा. रविवारी घरी राहिलेला मजूर कालपर्यंत गैरहजर होता. त्याच मजुराला आज सुटी होती. माणूस तोच, दिवस तोच, नियम तेवढा बदलला. कळवळा मनात राहिला तर मर्जीवर चालतो; आज आहे, उद्या नाही. त्याचा नेम झाला म्हणजे मालक रागात असो की आनंदात, रविवार येतोच. पगाराची ठरलेली तारीख हीसुद्धा अनुकंपाच, बरं का!

वारकऱ्यांस हे पटायला वेळ लागू नये. माउलींच्या सोहळ्यात संध्याकाळी तळावर समाजआरती होते, तेव्हा काय घडते ते आठवा. सर्व दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदार दंड उंच करतात आणि एवढा समाज क्षणात निःशब्द होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. त्या दिंडीला कोणी दटावीत नाही. चोपदार चालत तिच्यापाशी जातात, म्हणणे ऐकून घेतात. मग सापडलेल्या-हरवलेल्या वस्तू पुकारल्या जातात आणि त्यानंतर आरती. देवाची आरतीसुद्धा तक्रार ऐकेपर्यंत थांबते! हल्ली कचेऱ्यांतून तक्रारपेटी टांगलेली असते; तिच्या कुलपाची किल्ली पुष्कळदा ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच खिशात.

कोणी म्हणेल, “महाराज, मऊपणा केला की माणसे डोक्यावर बसतात.” चोपदारांच्या हाती दंड असतो हे विसरू नये. त्यांच्यापुढे रांग मोडत नाही. पण तो दंड उंचावतो तेव्हा कोणाच्या पाठीवर पडत नाही.

आता घरचे बोलू. बीडकडच्या ज्या गावांत आषाढीच्या सुमारास कीर्तनाला मंडप पुरत नाही, तेथेच कार्तिकीच्या आगेमागे गेलो तर समोर म्हातारे आणि लेकरे. धडधाकट माणसे ऊसतोडीला गेलेली. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस काम चुकले की खाडा. ५०० रुपयांपर्यंत कापल्याच्या हकीकती २०१९ साली प्रसिद्ध झाल्या. फडात आडोसा नाही, कोपीवर न्हाणी नाही, आणि बाईच्या दुखण्याचा दिवसही खाड्यात. त्याच साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली गेली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कोठे डॉक्टरांनी भीती घातली, कोठे दुखणे खरेच वाढलेले होते. पण खाडा पडू नये म्हणून पिशवी काढली असे सांगणाऱ्याही बाया निघाल्या. अहो, वहीतला एक रकाना आणि बाईच्या पोटातला अवयव! या दोहोंचा संबंध लागावा?

मुकादमही वरच्या उचलीखाली दबलेला असतो, हे आम्ही जाणतो. तरी त्यांतले कित्येक माळकरी आहेत, एकादशी सोडीत नाहीत. त्यांच्याशी आमचे एवढेच बोलणे आहे. दसरा झाला की ट्रक भरू लागतील. त्याआधी टोळीतल्या बायांना एकत्र बसवा आणि त्यांच्यादेखत वही उघडा. महिन्यातले दोन-तीन दिवस बाईला खाडा नाही, आजाऱ्याला नाही, बाळंतिणीला तर नाहीच, असे पहिल्या पानावर लिहा आणि वाचून दाखवा. तळावर पाण्याची टाकी व आडोसा कोण देणार, हे कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला करारापूर्वी विचारा. ट्रक निघाल्यावर विचारण्यात अर्थ नाही. वही कशी आखावी हे कोणाला समजून घ्यावयाचे असेल, तर कीर्तनानंतर आम्ही देवळात बसलेलो असतोच.