संकेतस्थळावरील चित्रदालन आणि परवानगीचा प्रश्न

म्हैसूर येथील प्राच्य ग्रंथालयाची स्थापना १८९१ मध्ये झाली. तंजावर भागातील एका पंडिताने तेथे आणून दिलेल्या ताडपत्रांच्या पोथीत ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांना १९०५ मध्ये कौटिल्याचे अर्थशास्त्र सापडले, आणि १९०९ मध्ये त्याची संस्कृत संहिता छापून प्रसिद्ध झाली. या ग्रंथात राज्यकारभाराची कामे निरनिराळ्या अधिकाऱ्यांत वाटून दिलेली आढळतात. महसूल गोळा करणारा समाहर्ता निराळा, कोष व कोठारे सांभाळणारा संनिधाता निराळा, आणि हिशेबाच्या नोंदी ठेवणारे अक्षपटल हे कार्यालयही निराळे. कोणाला काय करता यावे, हे आधी ठरलेले नसेल तर कोष सुरक्षित राहत नाही, हे या वाटणीमागील तत्त्व होय.

संगणकावर चित्रांचा संग्रह ठेवू इच्छिणाऱ्या संस्थेपुढेही आज हाच प्रश्न उभा राहतो. अशी कल्पना करू की, म्हैसूरमधील एका शाळेने आपल्या संकेतस्थळावर दसऱ्याच्या मिरवणुकीची छायाचित्रे मांडण्यासाठी चित्रदालनाचे एक प्लगइन, म्हणजे मूळ प्रणालीला जोडावयाची पूरक प्रणाली, बसविली आहे. मुख्याध्यापिकेला चित्रे चढविता येतात. चित्रकलेच्या शिक्षकास मात्र ‘आपणांस हे करण्याची परवानगी नाही’ असे उत्तर मिळते. दोष कोठे आहे? तो शोधण्याची रीत या पाठात पाहावयाची आहे.

दोन पहारेकरी

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, चित्र सर्व्हरवर पोहोचण्यापूर्वी त्यास दोन पहारे ओलांडावे लागतात. पहिला पहारा संकेतस्थळ चालविणाऱ्या प्रणालीचा असतो. समोरची व्यक्ती कोण आहे आणि तिचे पद कोणते, हे तो विचारतो. दुसरा पहारा सर्व्हरच्या कार्यकारी प्रणालीचा. त्याला शिक्षक वा मुख्याध्यापिका ठाऊकच नसतात. कोणता प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरमध्ये लिहू पाहत आहे, एवढेच तो पाहतो. दोन्ही पहाऱ्यांवरून नकार येऊ शकतो, परंतु त्यांवरील उपाय सर्वस्वी भिन्न आहेत. या विषयातील बहुतेक घोटाळा एका पहाऱ्यावरचा दोष दुसऱ्या पहाऱ्यावर शोधण्यामुळे होतो.

पहिला पहारा : भूमिका आणि अधिकार

२००३ मध्ये सुरू झालेली वर्डप्रेस ही प्रणाली उदाहरणादाखल घेऊ. तीत सामान्यतः पाच भूमिका असतात : प्रशासक, संपादक, लेखक, योगदाता आणि सदस्य. प्रत्येक भूमिकेस काही निश्चित अधिकार जोडलेले असतात. योगदात्यास लेख लिहिता येतो, परंतु तो प्रसिद्ध करता येत नाही आणि चित्रही चढविता येत नाही. चित्र चढविण्याचा अधिकार लेखकापासून वरच्या भूमिकांस असतो. तेव्हा आपल्या शिक्षकास योगदात्याची भूमिका दिलेली असल्यास नकार मिळणे हा प्रणालीचा बिघाड नव्हे. ते तिचे यथायोग्य वर्तन होय.

चित्रदालनाची प्लगइने पुष्कळदा स्वतःचे वेगळे अधिकार निर्माण करतात : नवे दालन उघडणे, चित्रे चढविणे, दुसऱ्याच्या दालनात फेरफार करणे इत्यादी. हे अधिकार बहुधा प्लगइन कार्यान्वित होताना डेटाबेसमध्ये नोंदले जातात आणि आरंभी केवळ प्रशासकास मिळतात. पुढे शाळेने ‘छायाचित्रकार’ अशी नवी भूमिका निर्माण केली, तर तिला ते अधिकार आपोआप लाभत नाहीत. ते नेमून द्यावे लागतात. मुख्याध्यापिकेस जे साधते ते शिक्षकास का साधत नाही, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

दुसरा पहारा : फोल्डरांची परवानगी

बहुसंख्य सर्व्हर युनिक्सच्या परंपरेतील प्रणालींवर चालतात. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये या परंपरेचा पाया घातला. तीत प्रत्येक फाइलीचा एक मालक आणि एक गट असतो. उरलेले सर्व ते ‘इतर’. या तिघांपैकी प्रत्येकास तीन प्रकारची मुभा देता येते. वाचण्यासाठी ४, लिहिण्यासाठी २ आणि चालविण्यासाठी १ असे अंक ठरलेले असून त्यांची बेरीज करून परवानगी दर्शविली जाते. ६४४ याचा अर्थ मालकास वाचता व लिहिता येईल (४+२), गटास व इतरांस केवळ वाचता येईल. ७५५ याचा अर्थ मालकास सर्व मुभा, गटास व इतरांस वाचण्याची आणि चालविण्याची.

फोल्डरच्या बाबतीत ‘चालविणे’ याचा अर्थ त्याच्या आत शिरणे असा होतो. दाराच्या काचेतून आतील वस्तूंची नावे वाचता येणे वेगळे आणि आत जाऊन वस्तू हाताळणे वेगळे. म्हणून फोल्डरास वाचण्याची मुभा असूनही शिरण्याची नसेल, तर आतील फाइल उघडत नाही. इतकेच नव्हे, तर मार्गात येणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या फोल्डरातही शिरण्याची मुभा असावी लागते. दिवाणखान्याचे दार उघडे ठेवून वाड्याचा दिंडीदरवाजा लावून घेतल्यास पाहुणा बाहेरच राहील.

सर्वांत नेहमी आढळणारा दोष मालकीचा असतो. चित्रांचा फोल्डर एखाद्या कर्मचाऱ्याने आपल्या खात्यातून सर्व्हरवर ठेवला, तर तो त्या खात्याच्या मालकीचा होतो. संकेतस्थळ चालविणारा प्रोग्रॅम मात्र निराळ्याच नावाने चालत असतो. डेबियन सर्व्हरवर त्याचे नाव सहसा ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ असे असते. फोल्डरची परवानगी ७५५ असेल तर हा प्रोग्रॅम ‘इतर’ ठरतो. तो चित्र वाचू शकतो, पण नवे चित्र ठेवू शकत नाही. यावर उचित उपाय म्हणजे तेवढ्या एका फोल्डरची मालकी त्या प्रोग्रॅमकडे देणे, किंवा कर्मचारी व प्रोग्रॅम या दोघांना एका गटात घेऊन, फोल्डर त्या गटाकडे सोपवून ७७५ ही परवानगी देणे.

दोष शोधण्याचा क्रम

वैद्य जसा लक्षणांवरून निदान करतो, तसेच येथेही करावे. परीक्षेच्या वेळी एका प्रयत्नात एकच गोष्ट बदलावी, हा नियम पाळावा.

१. तेच चित्र प्रशासकाच्या खात्यातून चढवून पाहावे. प्रशासकास यश आले आणि शिक्षकास अपयश, तर दोष पहिल्या पहाऱ्यावर आहे. दोघांसही अपयश आले, तर दुसऱ्या पहाऱ्याकडे वळावे.

२. दोघांसही नकार मिळाल्यास चित्राचा आकार पाहावा. पीएचपी या भाषेच्या मूळ रचनेत एका वेळी चढविण्याच्या फाइलीवर २ मेगाबाइटांची मर्यादा असते, आणि आजच्या मोबाइलवर काढलेले छायाचित्र ती सहज ओलांडते. एखादे लहान चित्र चढले, तर प्रश्न परवानगीचा नव्हताच. सर्व्हरवरील जागा संपली असतानाही असाच नकार येतो.

३. चित्र चढले, परंतु त्याची लघुप्रतिमा तयार झाली नाही, तर लघुप्रतिमांच्या फोल्डरची मालकी तपासावी.

४. चित्र चढले, परंतु पाहणाऱ्यास दिसत नाही, तर उत्तरादाखल आलेला अंक वाचावा. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर फाइलच नाही. ४०३ म्हणजे मागणी समजली, पण देण्यास मनाई आहे. पहिल्या वेळी पत्ता तपासावा, दुसऱ्या वेळी परवानगी.

सातशे सत्त्याहत्तरचा मोह

या ठिकाणी एक सोपा दिसणारा उपाय पुष्कळांस सुचतो : फोल्डरला ७७७ ही परवानगी देऊन टाकावी, म्हणजे मालक, गट व इतर या सर्वांस सर्व मुभा. चित्रे त्याच क्षणी चढू लागतात. तथापि हे निदान नव्हे. कुलूप उघडत नाही म्हणून दारच काढून ठेवण्यासारखे ते आहे. त्या सर्व्हरवरील कोणताही प्रोग्रॅम आता तेथे काहीही लिहू शकतो.

लिहिता येणारा फोल्डर किती घातक ठरतो, हे २०११ च्या ऑगस्टमध्ये दिसून आले. टिमथम्ब नावाचा, चित्रांचे आकार बदलणारा एक छोटा प्रोग्रॅम वर्डप्रेसच्या असंख्य सजावटींत वापरला जात असे. तो विश्वासातील काही संकेतस्थळांवरून चित्रे आणून आपल्या फोल्डरमध्ये ठेवी. परंतु ते विश्वासातील नाव पत्त्यात कोठेतरी आढळले की त्याचे समाधान होई. हल्लेखोरांनी तसे नाव असलेले बनावट पत्ते रचले आणि चित्राऐवजी पीएचपी प्रोग्रॅम आत घुसविले. तो फोल्डर लिहिण्यास मोकळा होता आणि त्यातील प्रोग्रॅम बाहेरून चालविताही येत होता. यामुळे अनेक संकेतस्थळे परक्यांच्या हाती गेली. तेव्हा जेथे चित्रे चढतात, तेथे प्रोग्रॅम चालू देऊ नयेत, हा धडा सर्वांनी घ्यावा.

जेरोम साल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये या विषयावरील निबंधात दोन तत्त्वे सांगितली होती, ती आजही प्रमाण मानली जातात. प्रत्येकास कामापुरताच अधिकार द्यावा; आणि स्पष्ट परवानगी नसेल तेथे नकार हेच उत्तर समजावे.

लपविलेले दालन खरोखर लपते काय?

आता उलट बाजूचा दोष पाहू. तो अधिक गंभीर आहे, कारण त्याची तक्रार कोणीच करीत नाही. शाळेने मुलांच्या छायाचित्रांचे एक दालन ‘खाजगी’ असे ठरविले. नाव न नोंदविलेल्या पाहुण्यास ते पान दिसत नाही. सर्वांचे समाधान होते. परंतु बहुतेक ठिकाणी लपते ते केवळ पान. चित्राची फाइल नेहमीच्या फोल्डरमध्येच असते, आणि तिचा पूर्ण पत्ता ठाऊक असणाऱ्यास सर्व्हर ती थेट देऊन टाकतो. पहिल्या पहाऱ्यास तो विचारीतही नाही. याची परीक्षा सोपी आहे. चित्राचा पत्ता टिपून घ्यावा, खात्यातून बाहेर पडावे, आणि तोच पत्ता उघडून पाहावा. चित्र दिसले, तर ते खाजगी नव्हे. अशी चित्रे संकेतस्थळाच्या उघड्या फोल्डरांबाहेर ठेवून, अधिकार तपासणाऱ्या प्रोग्रॅममार्फतच ती द्यावीत. ते शक्य नसेल तर मुलांची चित्रे तेथे ठेवूच नयेत.

योग्य माणसास मिळालेला नकार ही गैरसोय आहे. अयोग्य माणसास मिळालेला प्रवेश ही हानी आहे. पहिली लगेच कळते, दुसरी शोधावी लागते. परवानगीची व्यवस्था पाहणाऱ्याने दोहोंचीही तपासणी केली, तरच त्याचे काम पुरे झाले असे म्हणता येईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ७५० या परवानगीचा अर्थ मालक, गट व इतर यांच्या संदर्भात लिहा.
२. प्रशासकास चित्र चढविता येते, पण संपादकास येत नाही. दोष कोणत्या पहाऱ्यावर असावा? कारण द्या.
३. आपल्या ग्रंथालयातील कपाटे, किल्ल्या व नोंदवह्या कोणाकडे असतात याची यादी करा, आणि कामापुरताच अधिकार हे तत्त्व तेथे कितपत पाळले जाते ते सांगा.