सोऱ्या घेताना आधी नळी मोजा

मुलांना आवडते म्हणून चकलीच्या पिठात चीज घालायचे, तर ते बारीक किसा आणि फ्रीजमधून आधीच काढून ठेवा. गार चीजने पीठ आवळून येते, जाडसर तुकडा चकतीच्या काट्यात अडकला की चकली तुटते. एवढे करूनही हात भरून येत असेल, तर मात्र सोऱ्याच बदलायला हवा.

यवतमाळ, पुसद, वणीकडे भांड्यांच्या दुकानात साधारण तीन प्रकार बघायला मिळतात. हाताने दाबायचा ॲल्युमिनियमचा अंदाजे 150 ते 250 रुपये, मळसूत्राचा स्टीलचा 300 ते 600 आणि पितळी 800 पासून पुढे. पितळी वजनावर असतो, म्हणून काट्यावर ठेवूनच भाव ठरवा. घरी जुने पितळ पडले असेल तर मोडीत घालायचे विचारा, बराच फरक पडतो. दाबायचा सोऱ्या मऊ पिठाच्या शेवेपुरता ठीक आहे. घट्ट पिठाला मळसूत्राचाच घ्या.

दुकानात जाताना पट्टी न्या. 5 सेंटीमीटर रुंदीच्या नळीपेक्षा 7 सेंटीमीटरच्या नळीला जवळजवळ दुप्पट जोर लागतो, कारण दट्ट्याखालचे क्षेत्रफळच तेवढे वाढते. मोठ्या नळीत पीठ जास्त मावते हे खरे, पण चार माणसांच्या घराला अरुंद नळीच बरी. दट्ट्या नळीत घालून उजेडाकडे धरा. कडेने फट दिसली तर पीठ खाली उतरण्याऐवजी त्याच फटीतून वर चढणार. मळसूत्र शेवटपर्यंत फिरवून बघा, मध्येच अडखळले तर तो सोऱ्या ठेवून द्या. माझ्या स्वस्तातल्या सोऱ्याचे आटे पहिल्याच दिवाळीत झिजले. कढईत तेल तापलेले आणि दट्ट्या जागच्या जागी गरगर फिरतोय!

उन्हाळ्यात कुरडयांना हाच सोऱ्या लागतो. चीक गरम असतानाच घालावा लागतो, तेव्हा नळीचा चटका बसतो. लाकडी मूठ असेल तर तीच निवडा. पितळी सोऱ्यात पीठ रात्रभर राहू देऊ नका, धुऊन लगेच कोरडा करा.

पक्के बिल मागा. सोऱ्या सदोष निघाला आणि दुकानदार बदलून देत नसेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.