कॉम्प्युटरवरील नक्षीकाम : वेळ कुठे जातो आणि कुठे वाचतो?

कापडाच्या धंद्यात हल्ली एक तक्रार वारंवार कानावर येते. "कॉम्प्युटर घेतला, डिझायनर ठेवला, तरी नमुना वेळेवर मिळत नाही." तक्रार खरी आहे, पण दोष यंत्राचा नाही. ग्राफ कागदावर चौकोन भरणारा जुना उस्ताद सावकाश काम करी. परंतु पहिला चौकोन भरण्यापूर्वी तो रीड, पिक आणि हुकांचा हिशोब मांडून घेत असे. आज हात जलद झाला आणि हिशोब मागे पडला. म्हणून जकार्डवर काम करणाऱ्या आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी अनुभवातील काही गोष्टी येथे देत आहे. उदाहरणे फोटोशॉपची घेतली आहेत. विणाईच्या खास सॉफ्टवेअरमध्ये कळा वेगळ्या असतात, तत्त्व मात्र तेच.

१) आधी हिशोब, मग रेघ

समजा, कापडात इंचाला ८० ताणे आणि ६० बाणे आहेत. बुट्टी ६ इंच रुंद व ६ इंच उंच हवी. रुंदीला ६ गुणिले ८० म्हणजे ४८० ताणे लागतील, उंचीला ६ गुणिले ६० म्हणजे ३६० पिक. तेव्हा फाइल ४८० बाय ३६० ठिपक्यांचीच उघडली पाहिजे. कोणी ती ४८० बाय ४८० उघडली, तर पडद्यावर बुट्टी गोल दिसेल. पण कापडावर तिची उंची ४८० भागिले ६०, म्हणजे ८ इंच होईल. गोल बुट्टीचे अंडे झालेच म्हणून समजा.

ही चूक माझ्याच हातून झाली आहे. ऐन लग्नसराईत एका गिऱ्हाइकाची ऑर्डर होती. मी डिझायनरला फक्त चित्र दिले, रीड-पिक सांगितलेच नाही. नमुना विणून आला तो लांबट. गिऱ्हाईक दुसरीकडे गेले. रागाच्या भरात मी डिझायनरची मजुरी कापली. रात्री कागद घेऊन बसलो तेव्हा कळले की चूक त्याची नव्हती, माझी होती. दुसऱ्या दिवशी पैसे पोहोचवले, पण तो कारागीर माझ्या दुकानात पुन्हा आला नाही. तेव्हापासून रीड, पिक, हुक आणि रंगांची संख्या एका चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय मी काम देत नाही.

फोटोशॉपमध्ये 'व्ह्यू' मेनूत 'पिक्सेल आस्पेक्ट रेशो' आहे. वरील कापडासाठी तेथे ६० भागिले ८०, म्हणजे ०.७५ हा आकडा भरावा. मग कापडावर जशी दिसेल तशीच नक्षी पडद्यावर दिसते आणि डोळ्याची फसगत होत नाही.

२) रंग मोजकेच ठेवा

जकार्डच्या फाइलमध्ये प्रत्येक रंग म्हणजे एक वीण. चार रंगांची नक्षी असेल तर फाइलमध्ये चारच रंग हवेत. 'ब्रश'ने काढलेल्या रेघेच्या कडेला मधल्या छटा आपोआप तयार होतात आणि चाराचे चाळीस रंग होतात. ते साफ करण्यात दिवस जातो. म्हणून 'पेन्सिल' वापरावी. माप लहान-मोठे करताना 'निअरेस्ट नेबर' हा पर्याय निवडावा. फाइल बीएमपी किंवा टिफमध्ये ठेवावी, जेपेगमध्ये कधीही नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली नक्षी दाबली जाते व बिघडते. कामाची फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी.

३) जोड आधी तपासा

नक्षी कापडावर शेजारी शेजारी पुन्हा पुन्हा येते. जोड चुकला तर संपूर्ण ताग्यावर रेघ दिसते. 'फिल्टर' मेनूत 'अदर'खाली 'ऑफसेट' आहे. ४८० बाय ३६०च्या फाइलला २४० आणि १८० आकडे देऊन 'रॅप अराउंड' निवडावे. कडा मध्यभागी येतात आणि चूक तेथेच पकडता येते. हे काम फाइल आरजीबीत असतानाच उरकावे. 'इंडेक्स्ड कलर'मध्ये फिल्टर चालत नाहीत. शेवटी 'इंडेक्स्ड कलर' करताना 'डिदर' बंद ठेवावे. तेथे रंगांचा आकडाही दिसतो. चार हवेत आणि अकरा दिसत असतील, तर पुढे जाऊ नये.

४) एकदा केलेले पुन्हा करू नका

आपण नेहमी विणतो त्या प्रत्येक कापडाच्या मापाची कोरी फाइल तयार ठेवावी. साधी वीण, साटीन, ट्विल या विणी 'डिफाइन पॅटर्न'ने एकदाच साठवाव्यात व पुढे त्यांनीच रंग भरावेत. रोज तेच चार-पाच टप्पे करावे लागत असतील, तर 'ॲक्शन' नोंदवून त्याला एक एफ-कळ द्यावी. फाइलच्या नावात रीड, पिक, डिझाइन क्रमांक आणि कितवी दुरुस्ती हे लिहावे. 'फायनल', 'नवी फायनल' अशा नावांनी शोधाशोध तेवढी वाढते.

५) कळा पाठ करा

बी दाबले की ब्रश, शिफ्ट-बी ने पेन्सिल. एक्स ने दोन रंगांची अदलाबदल. चौकोनी कंसाच्या कळांनी टोक लहान-मोठे. ऑल्ट-बॅकस्पेसने रंग भरणे. कंट्रोल-जे ने थराची नक्कल. कंट्रोल-शून्यने पूर्ण नक्षी पडद्यावर. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. इंग्रजी मेनू शोधता शोधता मी थकून जाई. मग या कळा एका वहीत उर्दूत लिहिल्या आणि आठवड्याला पाचप्रमाणे पाठ केल्या. आपल्या भाषेत लिहिलेले लवकर लक्षात राहते.

६) वाचलेला वेळ तपासणीला द्या

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. फ्रान्समधील लिआँच्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ साली ज्या यंत्राला रूप दिले, त्यात प्रत्येक पिकला एक कार्ड लागते. म्हणजे आपल्या ३६० पिकच्या नक्षीला ३६० कार्डे. पंचिंगनंतर चूक सापडली तर तेवढा खर्च वाया. इलेक्ट्रॉनिक जकार्डला कार्डे लागत नाहीत. पण सूत, मागाचा वेळ आणि विणकराची मजुरी तेथेही बुडतेच.

म्हणून फाइल पाठवण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, विणी भरल्यावर मोकळे सुटलेले धागे पाहावेत. इंचाला ८० ताण्यांच्या कापडात २० ताण्यांवरून गेलेला बाणा पाव इंच मोकळा राहतो. तो बांगडीत अडकून ओढला जातो. दुसरी, फाइलची नक्कल ४८० बाय ४८० करून, इंचाला ८० ठिपके ठेवून, ६ बाय ६ इंच मापात छापावी आणि ती कापडावर ठेवून पाहावी. त्या वेळी शक्य असेल तर एखाद्या जुन्या ग्राफवाल्या उस्तादाला शेजारी बसवावे. त्याला माउस धरता येत नसेल, पण कोठे धागा सुटेल हे त्याची नजर लगेच सांगते.

जलद बोटांनी मिनिटे वाचतात. चिठ्ठीवरच्या हिशोबाने आणि शेवटच्या तपासणीने दिवस वाचतात, शिवाय गिऱ्हाईक आणि कारागीर दोघेही टिकतात. उद्या नवे काम देताना एवढी चिठ्ठी तरी अवश्य लिहावी.