फोटो पाठवताना

प्रश्न : मी हौसेने गडांचे, पक्ष्यांचे फोटो काढतो. व्हॉट्सअॅपवर टाकले की धुरकट दिसतात. इतरांचं चांगलं कामही पाहायचं आहे. काय करावं?

उत्तर : व्हॉट्सअॅप फोटोचा आकार कमी करतं. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. मात्र तिच्यात जागेची जीपीएस-नोंद असेल, तर तीही सोबत जाते. घराचे आणि घरट्यांचे फोटो देण्याआधी ती पुसा. (घरट्याचा फोटो काढूच नये, हे माझं मत.)

इतरांचं काम पाहायला फ्लिकर हे फोटोंचं संकेतस्थळ बरं. एखादा फोटो आवडला, की तो आणखी कुणाकुणाला आवडला ते पाहा आणि त्यांची पानं उघडा. समानधर्मी असेच सापडतात. तुमचे गडांचे फोटो विकिमीडिया कॉमन्स या मुक्त संग्रहाला जरूर द्या. पण तिथला फोटो कुणीही, धंद्यासाठीसुद्धा, वापरू शकतो आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही.