नाताळच्या रात्रीं एकत्र पाहावयाचें चित्र

वाचावयाचे भाग : लूक २:१-२०, मत्तय २:१-१२, गलतीकरांस पत्र ६:१-५, इब्री लोकांस पत्र १:१४.

नाताळचा सण जवळ आला म्हणजे आपल्या मंडळ्यांत घरें सारवणें, प्रार्थनामंदिरास पताका लावणें, गीतांचा सराव करणें, हीं कामें सुरू होतात. उमरखेड तालुक्यांत पैनगंगेच्या कांठच्या गांवीं ह्याच दिवसांत कापसाची वेचणी चाललेली असते. बाया दिवसभर शेतांत वांकून दमून घरीं येतात, आणि सणाची तयारी रात्रींच व्हावयाची. अलीकडे ह्या तयारींत एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. भक्ति व जेवण आटोपलें कीं लोक चित्रपट पाहावयास बसतात. कोठें अंगणांत पांढरा पडदा लावून, कोठें घरच्या टीव्हीवर, आणि बहुतेक ठिकाणीं ज्याचा त्याचा मोबाईल ज्याच्या त्याच्या हातांत. पाश्चात्य देशांत तर नाताळचें अमुक एक चित्र दरवर्षीं सगळ्या घरानें मिळून पाहावें असा परिपाठच पडला आहे. आपल्या कांहीं वडील मंडळींस हें रुचत नाहीं, आणि त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ आहे असें नाहीं. तथापि चित्र पाहावें कीं पाहूं नये ह्यापेक्षां तें कोणतें असावें, कोणाबरोबर पाहावें आणि पाहून झाल्यावर काय बोलावें, हा प्रश्न आम्हांस अधिक उपयोगाचा वाटतो. म्हणून हा धडा.

आपल्या देशांतील चित्रपटाच्या धंद्याचा उगम एका ख्रिस्तचरित्राच्या चित्रापाशीं आहे, हें खेड्यांतील पुष्कळांस ठाऊक नसेल. मुंबईंत हलतीं चित्रें प्रथम ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत दाखविण्यांत आलीं. पुढें कांहीं वर्षांनीं त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके, ज्यांस आपण दादासाहेब फाळके म्हणतों, ते गिरगांवांतील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस ह्या चित्रगृहांत ख्रिस्ताचें चरित्र पाहावयास गेले. १९१७ सालीं ‘नवयुग’ मासिकांत त्यांनीं ही हकीकत स्वतः लिहिली व तींत १९१० च्या नाताळचे दिवस सांगितले. कांहीं चरित्रकार १९११ चा ईस्टर सांगतात. दिवस कोणताहि असो, तें मुकें चित्र पडद्यावरून झरझर सरकत असतां फाळक्यांच्या मनापुढें श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र, गोकुळ व अयोध्या उभीं राहिलीं, आणि आपल्या लोकांचीं चित्रें आपल्याच लोकांनीं कां काढूं नयेत, ह्या एका विचारानें त्यांना घेरलें. त्यांनीं तें चित्र पुन्हां पाहिलें. पत्नी सरस्वतीबाई ह्यांसहि दाखविलें.

कित्येक उपदेशक ही गोष्ट सांगतांना येथेंच थांबतात, आणि ऐकणाऱ्याचा असा समज होतो कीं फाळके ख्रिस्ताकडे वळले. तसें झालें नाहीं, व तसें सुचविणें हें खोटें होय. चांगल्या गोष्टीच्या शोभेसाठीं खोटें बोलण्याची आपणांस गरज नाहीं. पुढची हकीकत मात्र आपल्या घराघरांतून ऐकण्याजोगी आहे. फाळक्यांपाशीं पैसा नव्हता. त्यांनीं आपली विम्याची पॉलिसी गहाण ठेविली, सरस्वतीबाईंनीं अंगावरचे दागिने दिले, आणि १९१२ च्या फेब्रुवारींत ते लंडनास जाऊन कॅमेरा व यंत्रें घेऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’ हें त्यांचें चित्र ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आलें. त्यांत राजपुत्र रोहिदासाचें काम त्यांचा मुलगा भालचंद्र ह्यानें केलें. सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत, फिल्मच्या पट्टीला भोकें पाडीत, आणि अंधाऱ्या खोलींत फिल्म धुण्याच्या कामींहि हात लावीत. पुढें १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ चित्रांत कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. वाचकहो, येथें एक गोष्ट मनांत धरून ठेवा. नवऱ्याच्या डोक्यावर किती भार आहे, हें त्या घरांतील बाईपासून लपलेलें नव्हतें. ह्या गोष्टीशीं आपणांस पुढें पुन्हां काम आहे.

आतां आपल्याकडील ख्रिस्तचरित्राच्या चित्रांविषयीं थोडेंसें. १९७८ सालीं तेलुगु भाषेंत ‘करुणामयुडु’ हें चित्र निघालें; ए. भीमसिंग ह्यांनीं तें दिग्दर्शित केलें व विजयचंदर ह्यांनीं येशूचें काम केलें. तेंच हिंदींत ‘दयासागर’ ह्या नांवानें पडदा व यंत्र गाडींत घालून खेडोपाडीं दाखविलें गेलें. दुसरें १९७९ चें ‘जीजस’. तें इस्राएल देशांत जाऊन घेतलें असून लूककृत शुभवर्तमानावर बसविलेलें आहे. आजवर तें दोन हजारांहून अधिक भाषांत बोललें आहे, व मराठी त्यांपैकीं एक. ज्या आजीबाईंना अक्षर येत नाहीं, त्यांना ह्या चित्रांनीं जें दिलें तें हलकें लेखूं नये.

परंतु चित्राचा एक दोष आहे. तें पुस्तकाहून मोठ्यानें बोलतें. तीन मुकुटधारी राजे त्याच रात्रीं गव्हाणीपाशीं आले, असें आपल्या बहुतेक मुलांस खात्रीनें वाटतें, कारण चित्रांत व नाटकांत तसें दिसतें. मत्तयाचा दुसरा अध्याय काढून पाहा. तेथें मागी लोक आहेत, राजे नाहींत. देणग्या तीन आहेत, माणसें किती तें सांगितलेलें नाहीं. आणि ते गोठ्यांत नव्हे तर घरांत आले. लूकाच्या दुसऱ्या अध्यायांत गव्हाण आहे, पण बैल व गाढव कोठेंहि नाहींत. ह्यासाठीं उपदेशक बंधूंनीं अशी रीत ठेवावी कीं चित्रापूर्वीं अध्याय एकदां मोठ्यानें वाचावा, आणि जें वाचलें नाहीं तें पडद्यावर दिसलें कीं मुलांनीं हात वर करावा. मुलांना ह्यांत फार गंमत वाटते, आणि मोठीं माणसेंहि लक्ष देऊं लागतात.

येशूचें चरित्र दाखविणाऱ्या चित्रांविषयीं एवढें पुरे. ज्याच्यासाठीं हा धडा मुख्यतः लिहिला, तें चित्र निराळें आहे. त्यांत ना बेथलेहेम आहे, ना मेंढपाळ. तें अमेरिकेंतील एका कर्जांत बुडालेल्या संसारी माणसाचें आहे, आणि तें यवतमाळ जिल्ह्यांत दरवर्षीं पाहिलें जावें असें आम्हांस वाटतें. आपल्या शेजारच्या महागांव तालुक्यांत चिलगव्हाण हें गांव आहे. तेथील एका शेतकऱ्यानें १९ मार्च १९८६ रोजीं आपल्या पत्नीसह व चार मुलांसह जीवनाचा अंत करून घेतला. महाराष्ट्रांत आजहि कित्येक लोक दर १९ मार्चला त्या घराची आठवण म्हणून उपवास करितात. त्यानंतर ह्या कापसाच्या मुलखांत किती घरें अशीं बसलीं, तें येथें मोजून दाखविण्याचें कारण नाहीं. तुमच्या पंचक्रोशींतील एखादें घर तुम्हांस माहीत असेलच.

त्या चित्राचें नांव ‘इट्स अ वंडरफुल लाईफ’. फ्रँक काप्रा ह्यांनीं तें १९४६ सालीं काढलें व जेम्स स्टुअर्ट ह्यांनीं त्यांत मुख्य काम केलें. जॉर्ज बेली नांवाचा मनुष्य एका लहान गांवांत बापाची पतपेढी चालवितो. गरीब लोकांना घरें बांधावयास ती कर्ज देते. गांवांतील पॉटर सावकाराला ती डोळ्यांत खुपते. नाताळच्या आदल्या दिवशीं जॉर्जचा विसराळू चुलता पेढीचे आठ हजार डॉलर बँकेंत भरावयास जातो, आणि बोलण्याच्या नादांत ते पॉटरच्याच वर्तमानपत्रांत गुंडाळून त्याच्या हातीं देतो. पॉटर पैसे दडवितो. इकडे हिशेब तपासणारा येऊन बसलेला असतो. जॉर्ज घरीं जातो, पण एक शब्द सांगत नाहीं. तो मुलांवर ओरडतो, धाकटीच्या शिक्षिकेला टेलिफोनवर टाकून बोलतो, घरांतील वस्तु लाथाडतो. मग तो पॉटरच्याच दारीं कर्ज मागावयास जातो व तारण म्हणून विम्याची पॉलिसी पुढें करितो. तेथें त्याचा अपमान होतो. तेथून तो नदीच्या पुलावर येतो.

हा भाग दाखवितांना घाई करूं नये. ज्यांनीं घरांत असा मनुष्य पाहिला आहे, त्यांस हें सारें ओळखीचें वाटेल. कर्जाचें नांव तो काढीत नाहीं. तो भाकरी करपली म्हणून चिडतो, पोरांवर हात टाकतो, दारूकडे वळतो, आणि घरचीं माणसें म्हणतात कीं हा अलीकडे फार रागीट झाला आहे.

पुलावर काय होतें? क्लॅरेन्स नांवाचा देवदूत जॉर्जला आवरण्यासाठीं हात धरीत नाहीं, उपदेशहि करीत नाहीं. तो स्वतःच पाण्यांत उडी घेतो व वांचवा म्हणून ओरडतो. आणि मरावयास आलेला मनुष्य दुसऱ्याला वांचविण्यासाठीं उडी टाकतो. मग आपण जन्मलोंच नसतों तर बरें होतें, असें जॉर्ज म्हणतो, तेव्हां देवदूत त्याला त्याच्यावांचूनचें गांव दाखवितो. लहानपणीं ज्या भावाला त्यानें बर्फाळ पाण्यांतून काढलें होतें, त्याचें तेथें थडगें आहे. मुलाच्या मरणानें वेडावून औषधाऐवजीं विष भरणाऱ्या औषधविक्याला लहानग्या जॉर्जनें थांबविलें होतें. येथें तो तुरुंग भोगून भिकारी झालेला आहे. हें औषधविक्याचें काम एच. बी. वॉर्नर ह्या नटानें केलें असून, १९२७ च्या ‘द किंग ऑफ किंग्ज’ चित्रांत ख्रिस्ताचें काम करणारा तोच. आणखी एक गंमत मुलांना सांगावी : चित्रांतील बर्फ खोटा आहे. तें भर उन्हाळ्यांत घेतलें, आणि पुलावर जॉर्जच्या तोंडावर दिसणारा घाम उन्हाचाहि आहे.

देवदूताविषयीं मात्र उपदेशकानें स्पष्ट बोललें पाहिजे. क्लॅरेन्स हा पूर्वीं मनुष्य होता, आणि एक चांगलें काम केलें म्हणजे त्याला पंख मिळावयाचे आहेत, असें चित्रांत आहे. हें शास्त्रांत नाहीं. मेलेलीं माणसें देवदूत होत नाहींत, व पंख कमवावयाचे नसतात. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचें वचन वर दिलें आहे, तें वाचून दाखवावें. हा कथेचा अलंकार आहे असें सांगून पुढें जावें. त्यावर रात्र घालवूं नये.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट प्रेक्षकांच्या नजरेंतून नेहमीं निसटते. देवदूतानें कर्ज फेडलें नाहीं. त्यानें एक पैसाहि आणला नाहीं. पैसे कसे आले? जॉर्ज पुलावर असतां त्याची पत्नी मेरी गांवांत निघाली व ज्याला त्याला सांगत सुटली कीं जॉर्ज अडचणींत आहे. जॉर्ज घरीं परत येतो, तों दारांतून माणसें आंत शिरत आहेत. कोणी टोपलींत, कोणी खिशांतून नाणीं व नोटा आणून टेबलावर ओतीत आहे. घरांत काम करणारी ॲनीसुद्धां आपली साठवण आणून टाकते. हीं माणसें आधीं कां आलीं नव्हतीं? कारण त्यांस कोणी सांगितलेंच नव्हतें. सरस्वतीबाई फाळके ह्यांची गोष्ट मनांत धरा असें वर म्हटलें तें ह्याचकरितां. त्या घरांत भार बोलून वांटला गेला. जॉर्जच्या घरांत तो सायंकाळपर्यंत दडला, आणि तेवढ्यांत मनुष्य पुलावर पोंचला.

आश्चर्य असें कीं हें चित्र प्रथम चाललें नाहीं. घातलेला पैसाहि निघाला नाहीं. १९७४ सालीं त्याचे हक्क पुन्हां नोंदविण्याचें राहून गेलें, टीव्हीवाले तें दर नाताळास फुकट दाखवूं लागले, आणि पाहतां पाहतां तें घरोघरचें नाताळचें चित्र होऊन बसलें.

तें इंग्रजींत आहे, आणि दोन तास दहा मिनिटांचें आहे. म्हणून ज्याला इंग्रजी समजतें अशा कॉलेजांतील मुलानें किंवा पाळकानें तें अगोदर पाहून ठेवावें, आणि मुक्या चित्रांच्या काळीं पडद्यापाशीं उभा राहून एक मनुष्य कथा सांगे, तसें थांबवून थांबवून सांगावें. लहान मुलांना पुलाचा प्रसंग दाखविण्यापूर्वीं निजवावें हें बरें. मोबाईलवर एकेकट्यानें तें पाहूं नये. मन आधींच खचलेलें असेल त्यानें तर मुळींच नव्हे. चित्र संपल्यावर लगेच उठूं नये. दिवा लावून, चहा ठेवून, घरच्या कर्त्या मनुष्यानें आपल्या माथ्यावर सोसायटीचें, बँकेचें व सावकाराचें किती आहे तें एकदां घरच्यांपुढें म्हणावें. हें कठीण आहे, आणि पहिल्या वर्षीं कोणी बोलणार नाहीं असेंहि होईल. उपदेशकानें व बायबलबाईनें त्या आठवड्यांत जो सभेला आला नाहीं त्याच्या घरीं जावें. कोणाच्या तोंडीं मरणाची भाषा आली तर ती थट्टेवारी नेऊं नये, त्याला एकटें सोडूं नये. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते व तेथें मराठींत बोलतां येतें. हा क्रमांक प्रार्थनामंदिराच्या दारावर खडूनें लिहून ठेवावा.

पॉटर सावकाराचें पुढें काय झालें, असें मुलें हटकून विचारतील. चित्रांत त्याला शिक्षा होत नाहीं व ते पैसेहि परत येत नाहींत. आपल्या मनानें उत्तर रचूं नये. ते आठ हजार त्याच्यापाशींच राहिले, असेंच सांगावें.