घोंगडी कुणासाठी?

घोंगडी तुम्हाला ठाऊक आहेच. सांगली, सोलापूर, कोल्हापूर या भागात ती विणतात. विणणारे बहुतेक सणगर. लोकर धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची. मेंढ्या वर्षातून २ वेळा कातरतात. मग लोकर पिंजायची, सूत काढायचे, मागावर विणायचे, चिंचोक्यांची खळ द्यायची. घरातल्या साऱ्यांचे हात लागतात. एवढे करून घोंगडी खपली नाही तर?

एका घरी तसेच झाले. कारभाऱ्याने बाजारात ६ घोंगड्या मांडल्या होत्या. लोकर उधारीची होती. संध्याकाळी पैसे द्यायचा वायदा होता. तो सकाळपासून ओरडत होता, "अस्सल लोकर! घ्या, घ्या!" गिऱ्हाईक थांबे. "केवढ्याला?" म्हणे. हा भाव सांगे. "लई महाग," म्हणून गिऱ्हाईक चालू लागे. मग हा मागून भाव उतरवी. तरी कुणी वळेना. दुपारपर्यंत एकही घोंगडी गेली नाही.

कारभारीण भाकरी घेऊन आली. म्हणाली, "तुम्ही जेवा. मी बसते."

एक माणूस थांबला. घोंगडीवरून हात फिरवून म्हणाला, "केवढ्याला, मावशी?"

"सांगते की. कुणासाठी बघता, दादा?"

"आमच्या बापासाठी. रातीला शाळूच्या राखणीला जातो म्हातारा."

"निजतात कुठं?"

"माळ्यावर. अंगावर वाकळ हाय. पर वारा खालनं लागतो."

ती काहीच बोलली नाही. मग तो आपणच म्हणाला, "पाठ आखडते. सकाळी उठता येत न्हाई त्याला."

"मग तुम्हाला अंथरायला पायजे. ही जाड बघा. खरबरीत हाय, पर खालचा गारठा अडवंल."

आता तिने भाव सांगितला. त्याने थोडी घासाघीस केली आणि घोंगडी घेतली.

पाठीचे दुखणे त्याने कधी सांगितले, पाहिलेत? ती गप्प राहिली तेव्हा. आपण तिथेच चुकतो. प्रश्न विचारतो आणि उत्तरही आपणच देऊन टाकतो.

'घ्यायची का?' असे विचारले की 'न्हाई' म्हणून माणूस मोकळा होतो. 'कुणासाठी?', 'आता काय वापरता?', 'त्यात अडचण काय येते?' असे विचारले, तर त्याला बोलावे लागते. पण फौजदारासारखे एकामागून एक प्रश्न टाकू नका. खिशात पैसे किती, हे तर विचारूच नका. खरेच जाणून घ्यायचे असेल तरच विचारा. नुसते विचारल्यासारखे केलेले गिऱ्हाइकाला लगेच कळते.

थोड्या वेळाने एक बाई आली. तिला २ वर्षांच्या लेकीसाठी घोंगडी हवी होती. पैसेही हातात होते.

कारभारीण म्हणाली, "ताई, ही पोरीला टोचंल. तिला जावळाची पायजे. कोकराच्या पहिल्या कातरणीची, मऊ असती. आज आणली न्हाई. पुढच्या बाजारी आणते."

बाई गेली. कारभारी चिडला. "आलेलं गिऱ्हाईक घालवलंस!"

"पोर रातभर रडली असती, तर तिनं गावभर आपलं नाव सांगितलं असतं," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ३ घोंगड्या गेल्या. लोकरीचे निम्मे पैसे फिटले. बाकीच्यासाठी आठ दिवसांची मुदत मागावी लागली, आणि वर चार शब्दही ऐकावे लागले.

पुढच्या बाजारी कारभाऱ्याने जावळाची घोंगडी वेगळी बांधून आणली. ती बाई आली. संगतीला शेजारीण होती. "हिच्या सासऱ्याला बी एक पायजे," बाई म्हणाली.

कारभारी घाईने म्हणाला, "घ्या की! ही बघा, अस्सल..." बोलता बोलता तो थांबला. हातातली घोंगडी त्याने खाली ठेवली.

"सासरे निजतात कुठं, ताई?"